चिकाटी मोजायची असेल तर आधी बाहेर पडायची वाट आखा

तुमच्या प्रबंधाचा आराखडा मला समजला तो असा. विद्यापीठाच्या संकेतस्थळासारखी एक नमुना साइट बनवायची, ३० विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत बसवायचं आणि प्रत्येकाला साइटवर माहिती शोधायची पाच कामं द्यायची. त्यातलं एक काम मुद्दाम न सापडणारं. माणूस जितकी मिनिटं आणि जितके क्लिक टिकला ती त्याची चिकाटी, आणि शेवटच्या प्रश्नावलीत जो आकडा भरेल तो त्याचा वैताग. मग दोन्हींचा सहसंबंध काढायचा. तुम्ही विचारलंय की ३० जण पुरतील का आणि प्रश्नावली कुठली वापरू.

दोन्हींची उत्तरं देते, पण शेवटाकडे. कारण ३० ऐवजी ३०० माणसं आणलीत तरी या आराखड्यातून चिकाटी हाती लागणं अवघड आहे. हाती लागेल तो बहुतेक आज्ञाधारकपणा.

१९६२ साली मार्टिन ऑर्न या मानसशास्त्रज्ञाने प्रयोगातल्या माणसांच्या वागण्यावर एक निबंध लिहिला. संमोहनावरच्या कामासाठी त्याला असं एखादं निरर्थक काम हवं होतं, जे शुद्धीवरचा माणूस कंटाळून सोडून देईल. म्हणून लोकांपुढे बेरजांचे दोन हजार कागद ठेवले, एकेका कागदावर २२४ बेरजा. घड्याळ काढून घेतलं आणि ‘काम चालू ठेवा, मी येईन परत’ एवढंच सांगून प्रयोग घेणारा निघून गेला. साडेपाच तासांनी त्यानेच हात टेकले. पुढे तर सोडवलेला प्रत्येक कागद फाडून त्याचे किमान ३२ तुकडे करायचे आणि मग पुढचा घ्यायचा, अशीही सूचना देऊन पाहिली. तरी लोक तासन् तास बेरजा करत राहिले. नंतर विचारलं तर म्हणाले, आमच्या सहनशक्तीची परीक्षा असणार असं वाटलं.

तुमच्या प्रयोगशाळेतही हेच होणार, आणि आपल्याकडे जरा जास्तच होणार. माझ्या एका चाचणीत बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते. त्यांनी ‘विद्यार्थी कोपरा’ उघडला, मागे आले, ‘परिपत्रके’ उघडलं, स्कॅन केलेली पीडीएफ खालपर्यंत वाचली, मागे आले, पुन्हा ‘विद्यार्थी कोपरा’. चेहरा लाल, हात माऊसवर घट्ट. मी म्हटलं, काका, नको असेल तर सोडा. तर म्हणाले, “छे छे, तुमचं काम अर्धवट कसं ठेवायचं?” घरी असते तर त्यांनी पहिल्या पीडीएफलाच लॅपटॉप मिटला असता. तिथे जे दिसलं ती त्यांची सभ्यता होती, आणि माझ्या लॉगमध्ये, म्हणजे संगणकाने ठेवलेल्या क्लिकच्या नोंदीत, ती चिकाटी म्हणून नोंदली गेली असती.

तेव्हा तुमचा खरा प्रश्न असा आहे: सोडून द्यायला पूर्ण मोकळीक असताना, आणि सोडल्याचा व न सोडल्याचा काहीतरी हिशोब लागत असताना, वैताग वाढला की माणूस कधी सोडतो? हा प्रश्न मान्य असेल तर कामं कुठली आणि साइट कशी हे नंतर ठरवा. आधी सोडण्याची सोय ठरवा.

मी ती अशी करते. एकूण वेळ ठरलेला, समजा ४० मिनिटं, आणि कामं त्यात पुरी होणार नाहीत इतकी. म्हणजे एका कामात जास्त अडकलात तर पुढच्याचा वेळ जातो. मानधनाचे दोन भाग: येण्याचे पैसे काहीही झालं तरी मिळणार, हे सुरुवातीलाच सांगायचं, आणि पुऱ्या झालेल्या प्रत्येक कामामागे थोडी रक्कम वेगळी. सोडण्याला किंमत आहे आणि थांबून राहण्यालाही आहे, अशी स्थिती त्यातून तयार होते. याउलट, सोडलं की लवकर घरी जाता येतं अशी रचना केलीत तर तुम्ही वेगळीच गोष्ट मोजताय. तीही चालेल, पण ठरवून करा, नकळत नको.

स्क्रीनवर कायम दिसणारं एक बटण हवं. त्यावरचे शब्द साधे ठेवा: ‘हे राहू द्या, पुढचं काम घ्या’. ‘हार मानली’ किंवा ‘जमत नाही’ असं लिहिलंत तर स्वाभिमान मध्ये येतो आणि आकडे फुगतात. सगळ्यात उपयोगी युक्ती म्हणजे सरावाचं पहिलं काम असं द्यायचं की त्यात प्रत्येकाला हे बटण एकदा दाबावंच लागेल. एकदा दाबून काही वाईट घडलं नाही, कोणी काही बोललं नाही, हे अनुभवलं की पुढे हात मोकळा होतो. आणि तुम्ही स्वतः खोलीत बसू नका. मागे खुर्ची टाकून बसलात तरी ती नजर पाठीवर जाणवतेच.

आणखी एक वाट ठेवायला हवी, जिच्याकडे परदेशी आराखडे बहुधा दुर्लक्ष करतात. आपल्याकडे संकेतस्थळ सोडणारा माणूस काम सोडतोच असं नाही. तो भाच्याला फोन करतो, नेट कॅफेत जातो, महा ई-सेवा केंद्रात कागद घेऊन रांगेत उभा राहतो. काम होतं, फक्त साइटवर होत नाही. म्हणून दुसरं बटण ठेवा: ‘विचारून घेतो’. ते दाबलं की मानधनातून ठरावीक रक्कम वजा आणि उत्तर समोर. आता प्रत्येक प्रयत्नाचे तीन शेवट झाले: सापडलं, सोडलं, विचारलं. माझ्या अनुभवात सर्वांत बोलका शेवट तिसरा असतो. जो माणूस कधीच ‘सोडलं’ दाबत नाही तो ‘विचारलं’ मात्र पटकन दाबतो. अशाला चिकाटी कमी म्हणायची की व्यवहारज्ञान जास्त, याचा विचार तुम्हाला प्रबंधात करावाच लागेल.

मात्र बटण असण्याचाही परिणाम होतो. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी गोंगाटावर केलेले प्रयोग १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात लोकांना आधी अवेळी, अनियमित गोंगाट ऐकवला आणि मग पेन्सिल न उचलता गिरवायची, पण मुळात न सुटणारी कोडी दिली. ज्यांच्याजवळ गोंगाट बंद करायचं बटण होतं त्यांनी कोड्यांवर जास्त वेळा प्रयत्न केले, आणि तेही बहुतेकांनी ते बटण दाबलेलंच नसताना. आपल्या हातात काहीतरी आहे, या जाणिवेनेच माणूस टिकतो. त्यामुळे पुढे वेगवेगळ्या मेनूंचे गट केलेत तरी तुमची बटणं सगळ्या गटांना, पहिल्या कामापासून, त्याच जागी आणि त्याच रंगात हवीत. एका गटाला बटण आणि दुसऱ्याला नाही असं झालं तर मेनूचा परिणाम कुठला आणि बटणाचा कुठला हे शोधता येणार नाही.

आता वैताग आणायचा कसा, हा भाग. वैताग अनेक दारांनी येतो. पान उघडायला वेळ लागणं, फॉर्म भरल्यावर ‘सेशन संपलं’ येणं, मेनूतले शब्द फसवे असणं. तुमच्या आराखड्यात हे सगळं एकत्र आलंय. २००२ मध्ये एमआयटीतल्या रोझलिंड पिकार्ड आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात लोक संगणकावर कोड्यांचा खेळ खेळत होते आणि मधूनमधून माऊस मुद्दाम अडकवला जात होता. वैताग आला, शरीरावरच्या सेन्सरमध्ये त्याचे संकेतही नोंदले गेले. पण तो वैताग यंत्रावरचा. नेव्हिगेशनवरचा, म्हणजे मेनूतून वाट शोधण्यावरचा, वैताग वेगळा असतो, कारण तिथे प्रत्येक वळणावर आपणच निवड करतो, आणि चुकलं की आपलंच चुकलं असं वाटायला जागा राहते. तुमचा विषय नेव्हिगेशन आहे, तर वेग सगळ्यांना सारखा ठेवा, फॉर्म काढून टाका आणि फक्त मेनूशी खेळा.

मेनूशी खेळायचं म्हणजे काय, यासाठी पीटर पिरोली आणि स्टुअर्ट कार्ड यांची मांडणी वापरा. झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात १९९० च्या दशकात त्यांनी दाखवलं की माणूस माहिती शोधताना लिंकच्या शब्दांवरून अंदाज बांधतो, इथे पुढे काहीतरी मिळेल असा ‘वास’ घेत जातो. वास वाढत गेला तर पुढे जातो, विरला की मागे फिरतो. याचा उपयोग तुम्हाला नेमका करता येईल. काम समजा ‘उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागण्याचा अर्ज शोधा’. एका मेनूत वाट ‘परीक्षा, निकालानंतर, छायाप्रत’ अशी. दुसऱ्यात तितक्याच पायऱ्या, तितकेच क्लिक, पण वाट ‘विद्यार्थी कोपरा, इतर सेवा, डाउनलोड्स’ अशी. पहिल्यात प्रत्येक पायरीवर जवळ आल्यासारखं वाटतं, दुसऱ्यात शेवटपर्यंत वाटत नाही. क्लिकची संख्या तीच ठेवून फक्त शब्द बदलणं, हा तुमच्या प्रयोगाचा कणा होऊ शकतो.

क्लिकच्या संख्येला तसाही फार भाव देऊ नका. ‘तीन क्लिकमध्ये सापडलं नाही की लोक निघून जातात’ हे वाक्य अजून सादरीकरणांमध्ये फिरतं. जोशुआ पोर्टर यांनी २००३ मध्येच प्रत्यक्ष नोंदी तपासून दाखवलं होतं की तिसऱ्या क्लिकनंतर सोडणाऱ्यांची लाट वगैरे काही येत नाही.

न सापडणारं काम ठेवावं का? ठेवा, पण जपून. त्याचा फायदा खरा आहे: सापडण्याचा शेवटच नसल्यामुळे तिथे टिकण्याची लांबी पूर्ण दिसते. तोटा असा की ते मधेच आलं तर पुढच्या प्रत्येक कामात ‘या साइटवर काही मिळतच नाही’ हा समज सोबत येतो. म्हणून मी ते शेवटी ठेवते आणि बाकीच्या कामांचा क्रम प्रत्येकासाठी बदलते. शेवटी ठेवल्याने थकवा त्यात मिसळतो, हे मान्य. दोन्हींतला कमी नुकसानीचा पर्याय मला हा वाटतो, तुमच्या मार्गदर्शकांना उलटं वाटू शकतं. आणि सुरुवातीच्या सूचनेत सरळ लिहा: ‘काही माहिती या साइटवर कदाचित नसेलही.’ त्याने प्रयोग बिघडतो असं विद्यार्थ्यांना वाटतं. उलट खऱ्या आयुष्यात आपण कुठलीही सरकारी किंवा विद्यापीठाची साइट उघडतो ती याच शंकेने, म्हणून ही सूचना प्रयोगाला वास्तवाच्या जवळ नेते. शिवाय नंतर कोणाला फसवल्याची भावना राहत नाही. तरीही संपल्यावर पाच मिनिटं बसून सांगायचंच की अमुक काम मुळातच अशक्य होतं, तुमचं काही चुकलं नाही. ते ऐकल्यावर अनेकांचे खांदे सैल होतात. एवढा वेळ ते स्वतःलाच बोल लावत असतात.

वैताग मोजण्यात खरी अडचण वेळेची आहे. शेवटी एकदाच विचारलंत तर उत्तरावर निकालाचा रंग चढतो. सापडलं असेल तर ‘तसं काही नाही हो’, नसेल तर दहापैकी दहा. मग सहसंबंध तर येईल, पण वैतागामुळे सोडलं की सोडल्यामुळे वैताग आला, हे त्यातून कळणार नाही. म्हणून कामाच्या मधे विचारावं लागतं. मी स्क्रीनच्या कडेला एकच ओळ आणते, ‘आत्ता किती वैताग आलाय?’, शून्य ते दहा, एका क्लिकमध्ये उत्तर. दर दीड-दोन मिनिटांनी, पण अगदी ठोक्याला नाही, थोडं मागेपुढे. पहिला प्रश्न मात्र लवकर आला पाहिजे, कारण सोडणारे बरेच जण सुरुवातीलाच सोडतात. लिऊ, व्हाइट आणि ड्यूमे यांनी २०१० मध्ये वेबपानांवर घालवलेल्या वेळेचा अभ्यास केला, त्यातही हेच दिसलं होतं की पान सोडून जाण्याचा संभव पहिल्या काही सेकंदांत सर्वांत जास्त असतो आणि मग उतरत जातो.

पण विचारणं हाही हस्तक्षेपच. प्रश्न आला की माणूस क्षणभर थांबतो, आणि ‘खरंच, मी हे का करतोय?’ असा विचार त्याच्या मनात येतो. यावर साधा उपाय: निम्म्या लोकांना मधे विचारा, निम्म्यांना फक्त प्रत्येक कामानंतर. दोन्ही गटांचा टिकण्याचा वेळ सारखा आला तर निश्चिंत व्हा. वेगळा आला तर तो फरकच एक निष्कर्ष म्हणून लिहा. बोलत बोलत काम करायला लावण्याची पद्धत इथे वापरू नका. इतरत्र ती मला प्रिय आहे, पण बोलणारा माणूस वेळेचं मोजमाप बिघडवतो, आणि समोर ऐकणारं कोणी असलं की सोडत नाही.

लॉगमध्ये काय पाहायचं, त्याचं एक उदाहरण. समजा दोघांनीही १४ क्लिक करून सोडलं. पहिल्याच्या १४ क्लिकमध्ये ११ वेगळी पानं आहेत. दुसऱ्याच्या फक्त चार: ‘परीक्षा’, ‘परिपत्रके’, मागे, ‘परीक्षा’, ‘परिपत्रके’, मागे, अशी फेरी चालू. तुमच्या मूळ व्याख्येत दोघांची चिकाटी सारखी. मला विचाराल तर पहिला शोधतोय आणि दुसरा अडकलाय. म्हणून नवी पानं आणि परत उघडलेली पानं यांचे रकाने वेगळे ठेवा. एकाच जागी धडाधड केलेले क्लिक हे वैतागाचं लक्षण म्हणून सगळेच मोजतात, पण त्याआधी पान पूर्ण उघडलं होतं का ते पाहा. नेट रखडलं की शांत माणूसही चार वेळा टिचकी मारतो.

इथवरचं एकत्र करते, कारण पुढचं गणित यावर उभं आहे. प्रत्येकाची अनेक कामं, प्रत्येक कामाचे तीन संभाव्य शेवट, प्रत्येक शेवटाची वेळ आणि वाटेत नोंदलेला वैताग. सरासरी वेळ काढून दोन गटांची तुलना केली तर चुकेल. ज्याला तिसऱ्या मिनिटाला सापडलं तो आणखी किती टिकला असता हे तुम्हाला माहीत नाही. एवढंच माहीत आहे की किमान तीन मिनिटं टिकला. औषधांच्या चाचण्यांत हाच पेच असतो आणि त्यासाठीच सर्व्हायव्हल अॅनालिसिस, म्हणजे एखादी घटना घडेपर्यंतच्या वेळेचं गणित, आहे. आधी किती वेळाला किती जण टिकून होते हे दाखवणारे कॅप्लन-मायरचे आलेख काढून डोळ्यांनी पाहा, मग कुठल्या घटकाने सोडण्याचा संभव किती बदलतो हे सांगणारं कॉक्सचं मॉडेल बसवा. त्यात वैताग हा वेळेबरोबर बदलणारा घटक म्हणून घाला आणि एकाच माणसाच्या अनेक कामांची नोंद एकमेकांशी बांधलेली आहे हे मॉडेलला सांगा. सापडणं, सोडणं आणि विचारणं हे एकमेकांना थांबवणारे शेवट आहेत, तेव्हा ‘कॉम्पिटिंग रिस्क्स’ हा भाग वाचून घ्या. संख्याशास्त्र विभागात कोणाकडे तरी आत्ताच जा, डेटा हातात आल्यावर नको.

आता तुमचे दोन प्रश्न. ३० जण पुरतील का, हे माणसांच्या संख्येवर कमी आणि सोडण्याच्या घटनांवर जास्त अवलंबून आहे. ३० जण आणि समजा प्रत्येकी सहा प्रयत्न म्हणजे १८० प्रयत्न. त्यातल्या एक तृतीयांशात सोडलं गेलं तर ६० घटना मिळतील, आणि दोन-तीन घटकांच्या मॉडेलला त्या चालून जातील. पण ३० जणांत मिळून १२ वेळाच सोडलं गेलं तर तुमच्याकडे सांगण्यासारखं फारसं काही नसेल. हे पायलटशिवाय, म्हणजे आधी थोड्या जणांवर करून पाहिल्याशिवाय, कळत नाही. आणि ३० जण एकाच इंजिनिअरिंग कॉलेजातले नकोत. मेनूत हरवण्याचा सराव ज्यांना रोजचा आहे त्यांच्यावरून अशी साइट वापरणाऱ्या पालकांबद्दल काही सांगता येणार नाही.

प्रश्नावलीसाठी मी नासा-टीएलएक्स सुचवेन. काम किती जड गेलं हे मोजणारी हार्ट आणि स्टॅव्हलँड यांची ही १९८८ची मोजपट्टी आहे, सहा प्रश्नांची, आणि त्यातला एक थेट वैतागावर आहे. प्रत्येक कामानंतर पूर्ण दिली तर लोक कंटाळतात, म्हणून कामानंतर फक्त वैतागाचा आणि कष्टाचा प्रश्न, आणि पूर्ण सहा प्रश्न सत्राच्या शेवटी. घामावरून ताण मोजणारी यंत्रं तुमच्या विभागात पडून असतील तरी मोह टाळा. ती उत्तेजना दाखवतात, पण ती वैतागाची की ‘सापडलं!’ची, हे नुसत्या रेषेवरून ठरवणं कठीण.

काही गोष्टी मात्र मी इथून सांगू शकत नाही, त्या तुमच्या परिस्थितीवर आहेत. लोक मोबाइलवर शोधणार असतील तर प्रयोगही मोबाइलवर करा. तिथे मेनू तीन रेषांच्या चिन्हामागे दडलेला असतो आणि सगळं गणित बदलतं. दुसरं, काम कोणाचं आहे. शिष्यवृत्तीची शेवटची तारीख उद्या असलेली मुलगी जितकी टिकेल तितकं तुमच्या मानधनासाठी कोणीच टिकणार नाही. बेन श्नायडरमन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये वैतागाच्या कारणांवर जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात लोकांनी आपापल्या रोजच्या कामातल्या वैतागाच्या प्रसंगांची नोंद ठेवली होती, आणि काम जितकं महत्त्वाचं तितका वैताग जास्त असं त्यात दिसलं. वेळ असेल तर प्रयोगाला अशा रोजनिशीची जोड द्या. आठ-दहा जणांनी आठवडाभर नोंदी ठेवल्या तरी तुमची कामं किती खरी वाटतात याचा अंदाज येईल.

संमतीपत्रात स्क्रीनची नोंद होणार, ती किती दिवस ठेवणार आणि कोण पाहणार हे साध्या मराठीत लिहा. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर विभागाची समिती हे विचारतेच. नमुना साइटवर कोणाचा खरा आसनक्रमांक किंवा आधार क्रमांक टाकायची वेळ येऊ देऊ नका, बनावट माहितीचं कार्ड हातात द्या.

पायलट पाच-सहा जणांवर घ्या आणि त्यात फक्त तीन गोष्टी पाहा. बटणं कोणी दाबली का? एकानेही दाबली नाहीत तर मानधनाचा हिशोब किंवा तुमची खोलीतली हजेरी बदला. न सापडणाऱ्या कामात सगळे पहिल्या मिनिटातच उठले का? तसं असेल तर मेनूत एक-दोन ठिकाणी थोडी आशा वाटेल असे शब्द घाला. आणि लॉगमधल्या वेळा स्क्रीनच्या व्हिडिओशी जुळतात का, हे किमान एका सत्रासाठी शेजारी लावून तपासा. हे जुळलं की मग ३० जणांना फोन करायला घ्या.